नळीचा पीळ मोजून घेतलेली रायफल

बाबा गेले ऑगस्ट २०२२ मध्ये. दुसऱ्याच आठवड्यात घरातली दोन्ही शस्त्रं मी तालुक्याच्या पोलीस ठाण्यात नेऊन जमा केली. एक बाराबोअरची एकनळी, आंबा-काजूच्या बागेसाठी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली. दुसरी त्यांची .३०-०६ रायफल, म्हणजे नळी साधारण ०.३० इंच व्यासाची, तरुणपणी नेमबाजीच्या हौसेने घेतलेली. तिथपासून आजची रायफल माझ्या नावावर चढेपर्यंत अडीच वर्षं गेली. या काळात कागदपत्रांबद्दल सांगणारे खूप भेटले, पण नळीचा पीळ (आतल्या खाचांचा वळसा) कसा बघायचा, जड गोळीला किती पीळ लागतो, हे मराठीत नीट सांगणारं कुणी भेटलं नाही. म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे.

शस्त्र जमा करताना पावतीवर शस्त्राचा नंबर स्वतः वाचून, नळीवर कोरलेल्या नंबराशी ताडून घ्या. दुःखाच्या दिवसांत हे सुचत नाही. मलाही सुचलं नाही. पावतीवरचा एक आकडा चुकला होता आणि तोच चुकीचा आकडा मुंबईच्या भावाने केलेल्या ना-हरकत प्रतिज्ञापत्रात उतरला. वारस म्हणून मी अर्ज केला ३ ऑक्टोबर २०२२ ला. सोबत मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, आई आणि भाऊ यांची ना-हरकत, वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, बाबांचा मूळ परवाना. पोलीस चौकशी झाली, जबाब झाला, फाईल वर गेली आणि त्या एका आकड्यासाठी परत आली. भावाला रजा मिळून नवं प्रतिज्ञापत्र होईपर्यंत जवळजवळ चार महिने गेले. परवाना हातात आला २८ नोव्हेंबर २०२३ ला. त्यावर आता माझं नाव आणि खाली दोन शस्त्रं. प्रवास, प्रतिज्ञापत्रं, झेरॉक्स, प्रशिक्षण मिळून साधारण अकरा हजार रुपये खर्च आला.

कॉलेजात एनसीसीमध्ये मी .२२ रायफल चालवली होती. मला ३०० मीटरच्या बिग बोअर प्रकारात उतरायचं होतं. बाबांची रायफल त्यासाठी चालेल असं वाटत होतं, कारण त्या प्रकारात आठ मिलिमीटरपर्यंतची नळी चालते आणि .३०-०६ त्यात सहज बसते. जानेवारी २०२४ मध्ये घाटावरच्या एका रेंजवर नाव नोंदवून गेले. १०० मीटरवर १८० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) दहा गोळ्या मारल्या.

कागद जवळ आणून बघितला आणि पोटात गोळा आला. दहा भोकांपैकी चार लांबट होती. एक तर सरळ आडवं. गोळीच्या कुशीचा आकार कागदावर उमटला होता, कडेला शिशाचा करडा ओरखडा. बाकीची सहा कागदभर पसरलेली. रेंजवरच्या मुलाने एका शब्दात सांगितलं, ‘कीहोल.’ म्हणजे गोळी नाकासमोर न जाता हवेत कोलांटी खात गेली.

घरी येऊन रात्रभर वाचलं. सगळीकडे एकच कारण पुढे येत होतं: नळीचा पीळ गोळीला अपुरा. मी मनाशी ठरवूनच टाकलं की बाबांच्या नळीचा पीळ सैल आहे, जड गोळी तिला पेलत नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या वाडीतल्या सुभेदार काकांकडे गेले. ते सैन्यात शस्त्र दुरुस्तीच्या कामावर होते. त्यांनी कागद उजेडाकडे धरला, उलटापालटा केला आणि विचारलं, ‘अगो, पीळ मोजलास की नुसता वाचलास?’

पीळ म्हणजे काय ते इथेच सांगते. रायफलच्या नळीत आतून मळसूत्रासारख्या फिरत जाणाऱ्या खाचा असतात. गोळी त्यांतून जाताना फिरते, भोवऱ्यासारखी. भोवरा जोरात फिरतो तोवर आरीवर ताठ उभा राहतो, जोर कमी झाला की डुलतो आणि आडवा होतो. गोळीचंही तसंच. काथ्याच्या सुंभाला पीळ कमी-जास्त असतो तसा नळीलाही असतो आणि तो इंचांत मोजतात. दहा इंच पुढे गेल्यावर गोळीचा एक पूर्ण फेरा होत असेल तर पीळ एकास दहा. बारा इंचांत होत असेल तर एकास बारा. आकडा लहान तितका पीळ घट्ट. गोळी सेकंदाला २६०० फुटांनी सुटली तर बाराच्या पिळात ती सेकंदाला २६०० फेरे घेते आणि दहाच्या पिळात ३१२०.

काकांनी मोजायची रीत ओसरीवर बसून शिकवली. ती मी पुढे तीनदा वापरली, म्हणून तपशिलात सांगते. आधी बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) काढून बाजूला ठेवायचा, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामं आहे ते डोळ्याने बघायचं, बोटानेही चाचपायचं. मग साफसफाईची सळई घ्यायची. तिची मूठ बेअरिंगवर मोकळी फिरणारी हवी, नाहीतर सळई नळीतल्या खाचांबरोबर फिरत नाही आणि सगळं माप फुकट जातं. टोकाला सुती फडक्याचा तुकडा इतका घट्ट बसवायचा की ढकलताना जोर लागला पाहिजे. सळईवर चिकटपट्टीचा एक झेंडा लावायचा, टोक आकाशाकडे. सळई थोडी आत घालून, झेंडा बरोबर वर असताना नळीच्या मागच्या कडेपाशी सळईवर पेन्सिलची खूण करायची. मग हळू ढकलत जायचं. झेंडा पूर्ण फिरून पुन्हा वर आला की दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे पीळ.

पहिल्यांदा मला साडेतेरा इंच आलं. मला वाटलं, बघा, सैलच आहे. काकांनी फडकं ओढून दाखवलं, ते ढिलं होतं आणि खाचांवरून घसरत होतं. आईच्या जुन्या सुती साडीचा जाडसर तुकडा कापून पुन्हा मोजलं. दहा इंच. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, दहाच.

म्हणजे पिळाचा दोष नव्हता. .३०-०६ला दहाचाच पीळ साधारणपणे असतो आणि त्यालाही इतिहास आहे. १९०३ साली अमेरिकी सैन्याने या काडतुसाची आधीची आवृत्ती काढली तेव्हा तिच्यात २२० ग्रेनची बोथट नाकाची जड गोळी होती आणि पीळ दहाचा ठेवला होता. १९०६ मध्ये गोळी बदलून १५० ग्रेनची टोकदार आली, पण पीळ तसाच राहिला. त्यामुळे १८० ग्रेनची गोळी बाबांच्या नळीतून सरळच जायला हवी होती.

खरं कारण कळायला जुलै उजाडला. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली, नोटीस आली आणि दोन्ही शस्त्रं पुन्हा ठाण्यात जमा. आमच्याकडे मतदान ७ मेला झालं, निकाल ४ जूनला. शस्त्रं परत मिळाली १९ जूनला. मध्ये आंब्याचा हंगाम होता, म्हणून फार जाणवलं नाही. ज्यांना स्पर्धेची तारीख गाठायची आहे त्यांनी निवडणुकांचं वर्ष आधी बघून ठेवावं. जमा करताना नळीला आतून तेलाचा हात द्यावा आणि पावती जपावी.

जुलैत अणुस्कुरा घाटातून कोल्हापूरला एका परवानाधारक विक्रेत्यांकडे रायफल नेली. पाऊस असा होता की पाचलच्या पुढे दोनदा गाडी बाजूला घेऊन थांबावं लागलं. विक्रेत्यांनी बारीक दिवा नळीत सोडला आणि मला बघायला सांगितलं. खाचांच्या कडा, ज्या धारदार दिसायला हव्यात, त्या चेंबरच्या बाजूने अर्ध्या फुटापर्यंत जवळजवळ सपाट झाल्या होत्या. त्यापुढे तांबडे-काळे खड्डे. ‘नळी खाल्लीया ताई. गोळीला धरायलाच काय न्हाई आत.’ जुनी क्षारयुक्त टोपीची (बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या टोपीची) काडतुसं, त्यांचं मीठ धरणारं काजळ आणि वर आमची किनाऱ्याची हवा. बाबा रायफल कातडी पिशवीत ठेवायचे, कौतुकाने. ती पिशवी चार महिने पावसाळा पिऊन बसायची.

मला हे ऐकून फार वाईट वाटलं. कागदावरच्या त्या आडव्या भोकांचा राग मी पिळावर काढत होते आणि ती रायफल आतून संपलेली होती. गोळी आडवी गेली म्हणजे पीळच कमी, असं धरून चालू नका. झिजलेल्या नळीतही गोळीला फिरकी बसत नाही. आधी पीळ मोजा, मग आत दिवा सोडून बघा, मगच पैसे खर्च करायचं ठरवा.

नवी नळी बसवता येईल का, हे पहिल्यांदा विचारलं. त्या रायफलला बसणारी नळी त्यांच्याकडे नव्हती आणि मिळेल अशी आशाही त्यांनी दिली नाही. बाहेरून शस्त्र मागवणं साध्या माणसाला ऐंशीच्या दशकापासून बंदच आहे, त्यामुळे आपल्या बाजारात चांगल्या परदेशी रायफली बहुतेक हातोहात फिरलेल्याच मिळतात. दुसरी अडचण परवान्याची. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीपासून एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात. बाराबोअर मला बागेसाठी हवीच होती. म्हणजे बाबांची रायफल सोडली तरच दुसरी घेता येणार. आई म्हणाली, ‘त्यांनी ती वापरायला घेतली होती, पुजायला नाही.’ मग ५ ऑगस्टला शस्त्र बदलून घेण्याच्या परवानगीचा अर्ज केला.

विक्रेत्यांकडे त्या वेळी .३०-०६च्या दोन रायफली होत्या. पहिलीची नळी नंतर कुणीतरी बदललेली, आतून आरशागत. दस्ता नवा, पॉलिश केलेला. दुसरी जुनी, दस्त्यावर टवके, पट्ट्याची कडी सैल, पण नळी आतून बरी, खाचांच्या कडा शाबूत. सगळ्यांचं मत पहिलीच्या बाजूने. मलाही तीच आवडली. मी दहा हजार रुपये आगाऊ देऊन आले, पण पावतीवर ‘दोहोंपैकी एक’ असं लिहून घेतलं. ते शब्द लिहून घ्यायला काकांनी सांगितलं होतं. त्यांचे उपकार आहेत.

परवानगीची वाट बघत असताना विधानसभेची आचारसंहिता लागली, १५ ऑक्टोबरला. मतदान २० नोव्हेंबरला. परवानगी आली १७ जानेवारी २०२५ ला. या साडेपाच महिन्यांत मी पिळाचा हिशेब शिकले.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला उशिरा कळली. सगळे म्हणतात, जड गोळीला घट्ट पीळ लागतो. पण पीळ मागते ती गोळीची लांबी. नळीचा व्यास ठरलेला असल्यामुळे वजन वाढवायचं तर गोळी लांब करावी लागते, म्हणून जड आणि लांब हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात. पण आकार बदलला की हिशेब बदलतो. बोथट नाकाची, सपाट बुडाची २२० ग्रेनची गोळी ही टोकदार, मागे निमुळती होत गेलेल्या बोट-टेल २०० ग्रेनच्या गोळीपेक्षा आखूड असू शकते आणि सैल पिळात जास्त सुखाने जाते.

जुना ठोकताळा ग्रीनहिल यांचा, १८७९ चा. इंग्लंडमध्ये वूलविचला तोफखान्याच्या अधिकाऱ्यांना गणित शिकवणारे ते प्राध्यापक. त्यांचं सूत्र वहीच्या कोपऱ्यात मावतं: १५० गुणिले व्यास गुणिले व्यास, भागिले लांबी, सगळं इंचांत. आपल्या गोळीचा व्यास .३०८, म्हणजे वरचा आकडा येतो १४.२. गोळी १.२२ इंच लांब असेल, साधारण १६८ ग्रेनची स्पर्धेची गोळी, तर पीळ ११.७ चा पुरतो. १.३६ इंचाच्या १८० ग्रेन बोट-टेलला १०.५. आणि १.४५ इंचाच्या २०० ग्रेनला ९.८.

२००५ मध्ये डॉन मिलर यांनी दिलेलं सूत्र जास्त नेमकं आहे. त्यात वजन, लांबी, व्यास आणि पीळ घालून स्थैर्याचा एक आकडा काढतात. एकच्या खाली गोळी आडवी जाणार. एक ते दीडच्या मध्ये ती उभी राहते, पण किंचित डुलत जाते, हवा जास्त कापावी लागते आणि ज्यासाठी जड गोळी घेतली तो फायदाच थोडा गळतो. दीड किंवा वर असेल तर निश्चिंत. हवा थंड आणि दाट असेल तर आकडा थोडा घसरतो. आपल्या किनाऱ्यावरच्या उन्हात थोडा वाढतो, पण त्या वाढीवर भरवसा ठेवून नळी घेऊ नये.

सेकंदाला २६०० फुटांचा वेग धरून मी २०० ग्रेन, १.४५ इंचाची गोळी घातली. बाराच्या पिळात १.२. दहाच्या पिळात १.७. आकडे तीनदा तपासले.

गोळीची लांबी मिळवायची कशी, हा प्रश्न मला पडला होता. काडतुसात बसलेल्या गोळीचा अर्धा भाग आत असतो, तो मोजता येत नाही, आणि काडतूस उघडायचं तर अजिबात नाही. गोळ्या बनवणारे आपल्या माहितीपत्रकात लांबी देतात. काडतुसाच्या खोक्यावर गोळीचा प्रकार आणि वजन छापलेलं असतं, त्यावरून लांबी शोधायची.

८ फेब्रुवारी २०२५. कोल्हापुरात सकाळी दुकान उघडायच्या वेळेला पोचले, सळई आणि साडीचे कापलेले तुकडे सोबत घेऊन. विक्रेत्यांनी दोन्ही रायफली टेबलावर ठेवल्या, बोल्ट काढून दिले. आधी चकचकीत नळी. फडकं घट्ट, झेंडा वर, पहिली खूण. सळई सरकत गेली, झेंडा उजवीकडे कलला, खाली गेला, पलीकडून चढायला लागला. दहा इंचांवर तो वर यायला हवा होता. तो अजून तिरका होता, घड्याळातल्या दहाच्या काट्यासारखा. वर आला तेव्हा टेपवर बारा. पुन्हा बारा. पुन्हा बारा.

विक्रेते म्हणाले, ‘बारा बी चांगलाच की ताई, १५० ग्रेनला झकास.’ ते खरंच बोलत होते. ज्याला १५० किंवा १६८ मारायच्या आहेत त्याने ती रायफल डोळे मिटून घ्यावी. पण मला ३०० मीटरवर वाऱ्यात कमी वाहणारी लांब गोळी हवी होती. दुसरी रायफल मोजली, टवके उडालेली. दहा. चारही वेळा दहा.

एक शंका मी तिथेच विचारली. घट्ट पिळात हलकी गोळी बिघडत नाही का? वरची धातूची साल फार पातळ असलेली, फार वेगाने सुटणारी हलकी गोळी अति फिरकीने हवेत फाटू शकते, हे खरं आहे. पण १५० ग्रेनच्या साध्या गोळीला दहाचा पीळ शंभराहून जास्त वर्षं चालतो आहे. कमी पीळ असला तर त्यावर उपाय नाही. थोडा जास्त असला तर निभतं.

आणि काडतुसं आपल्याला मिळतात ती बघूनच पीळ ठरवावा. साध्या परवान्यावर घरी काडतुसं भरता येत नाहीत, दुकानात जे असेल ते घ्यायचं. त्यांच्याकडे १५० आणि १८० नेहमीची, आणि २०० ग्रेन बोट-टेलची चाळीस होती. दहाच्या पिळात तिन्ही जातात. बाराच्या पिळात १८० बोट-टेल काठावर आणि २०० अर्धवट. मी जुनी रायफल घेतली. किंमत एक लाख साठ हजार, त्यातून बाबांच्या रायफलचे पंचेचाळीस हजार वजा. चाळीस काडतुसांचे सोळा हजार वेगळे.

बाबांची रायफल टेबलावर ठेवून निघताना मला वळून बघवलं नाही. तिचा पट्टा मात्र मी काढून घेतला होता.

विक्रीची पावती, नवा नंबर, जुनं शस्त्र वजा केल्याची नोंद, हे सगळं परवान्यावर आणि ऑनलाइन नोंदीत चढायला १२ मार्च उजाडला. तोवर रायफल विक्रेत्यांकडेच ठेवली. नोंद होण्याआधी घरी आणायची घाई करू नका.

२२ मार्चला त्याच रेंजवर गेले. आधी १५० ग्रेनच्या पाच गोळ्या १०० मीटरवर. मग १८०. मग दोनशेच्या पाच. नळी गार होऊ देत, दोन गोळ्यांमध्ये मिनिटभर थांबत. कागद आणायला चालत गेले तेव्हा पाय जड झाले होते. दोनशेची पाचही भोकं गोल होती. कडेला बारीक करडी कड, सगळीकडे सारखी जाड. मध्यापासून मध्यापर्यंत सगळ्यात लांबची दोन ४१ मिलिमीटरवर. १८० ची ५२ वर. मी कागद सूर्याकडे धरून प्रत्येक भोकातून उजेड बघितला.

आता रायफल कातडी पिशवीत ठेवत नाही. वापरली की त्याच संध्याकाळी नळी साफ, दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरडं फडकं, मग तेल. पोलादी कपाटात सिलिका जेलच्या पुड्या, मे संपायच्या आत बदललेल्या. काडतुसं वेगळ्या कप्प्यात, वेगळ्या किल्लीखाली. बाबांचा पट्टा नव्या कडीत बसवला आहे. दोनशे ग्रेनची चोवीस शिल्लक आहेत, ती ३०० मीटरसाठी राखून ठेवली आहेत.